एक देग जास्तीची

मंडळी, आजचा विषय प्रयोगशाळांच्या इमारतींचा आहे. पण सुरुवात लग्नाच्या जेवणापासून करतो. माझ्यासारख्या बी. ए. झालेल्या कवीला हा विषय समजला तो देगीच्या वाटेनेच.

आमच्या मोहल्ल्यात एक बावर्ची होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. लग्नाची सुपारी घेऊन कोणी आलं की चाचा आधी विचारायचे, जेवण दुपारचं की रात्रीचं? वऱ्हाड शहरातलं की खेड्यातलं? बिर्याणीसोबत आणखी काय आहे? आणि मग, माणसं किती? एवढं झालं की फळीवरची जुनी वही निघायची. तिच्यात मागच्या लग्नांचा हिशेब असे. माणसं किती होती, तांदूळ किती शिजला, किती उरला. त्यातलं आजच्यासारखं लग्न शोधून चाचा सांगायचे, "तीन देगी पुरतील." यावर मुलीचे वडील हमखास म्हणायचे, "चाचा, एक जास्तीची टाका. अब्रूचा प्रश्न आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चौथ्या देगीतला भात वाटायला पोरं घरोघर फिरायची. त्या पोरांत मीही असे.

माझा भाचा इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणांची आखणी करतो. मागे एकदा एका प्रयोगशाळेच्या इमारतीचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा तो म्हणाला, "मामू, आमच्या धंद्यात सगळे त्या मुलीच्या बापासारखे वागतात. जो तो एक देग जास्तीची टाकतो. आणि ती देग पुढची तीस वर्षं रोज चुलीवर असते." तिथून माझं कुतूहल जागं झालं. त्याने समजावलं, मी वाचत गेलो. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

दर मिनिटाला एक खोली

प्रयोगशाळेची इमारत बाहेरून ऑफिससारखीच दिसते, पण वीज आणि इंधन खाण्यात तिची बरोबरी ऑफिस करू शकत नाही. जागेच्या हिशेबाने पाहिलं तर ती ऑफिसच्या कित्येक पट ऊर्जा खाते. पाचपट म्हटलं तरी अतिशयोक्ती होत नाही. कारण यंत्रं किंवा दिवे एवढंच नाही. मुख्य कारण आहे हवा.

ऑफिसात थंड केलेली हवा बरीचशी परत फिरवून वापरतात. रसायनांच्या प्रयोगशाळेत हे चालत नाही. तिथली हवा एकदा वापरली की बाहेर सोडावी लागते आणि तितकीच ताजी हवा आत घ्यावी लागते. ती ताजी हवा उन्हाळ्यात थंड करायची, दमट असेल तर कोरडी करायची आणि थंडीच्या देशात गरम करायची. एवढा खर्च केलेली ही हवा काही मिनिटांत धुराड्यातून आकाशात जाते.

यात सर्वांत मोठा वाटा 'फ्यूम हूड'चा. आपल्या कॉलेजांत त्याला फ्यूम कपाट म्हणतात. समोर वर-खाली सरकणारी काच, मागे पंखा. घातक वाफा निघणारं काम या कपाटात करायचं, म्हणजे पंखा त्या वाफा ओढून बाहेर टाकतो. आता एक साधा गुणाकार करू. काच उघडल्यावर कपाटाचं तोंड पाच फूट रुंद आणि अडीच फूट उंच आहे असं धरा. हवा त्यातून मिनिटाला १०० फूट वेगाने आत जावी, असा सर्वसाधारण दंडक. म्हणजे मिनिटाला १,२५० घनफूट हवा. आपली दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली १,२०० घनफुटांची असते. तेव्हा हे एक कपाट दर मिनिटाला एक अख्खी खोलीभर थंडगार हवा बाहेर फेकतं. बऱ्याच ठिकाणी रात्रंदिवस, समोर कोणी असो वा नसो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या अभ्यासकांनी याचा हिशेब केला. असं एक कपाट वर्षभरात तिथल्या सरासरी साडेतीन घरांइतकी ऊर्जा खर्च करतं, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आणि एकेका इमारतीत अशी कपाटं डझनांनी असतात.

एक परिपत्रक

हे ऐकून कोणीही म्हणेल, मग पंखा बंद करा. इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे.

मी एका कॉलेजच्या कार्यालयात लिपिक होतो. एका वर्षी वीजबिल फार आलं म्हणून परिपत्रक निघालं: प्रात्यक्षिकांची वेळ सोडून फ्यूम कपाटांचे पंखे बंद ठेवावेत. ते परिपत्रक मीच टाइप केलं होतं. 'वीजबचत ही राष्ट्रसेवा' ही शेवटची ओळ तर माझ्या पदरची. दोन महिन्यांनी एका दुपारी प्रयोगशाळेतले परिचर ब्रोमीनची बाटली हाताळत होते. प्रात्यक्षिकाची वेळ नव्हती, त्यामुळे पंखा बंद होता. बाटली निसटली. काका दवाखान्यात चार दिवस होते. बरे झाले, पण त्यानंतर जिना चढताना त्यांना मधल्या पायरीवर थांबावं लागे. मला ते कधी काही बोलले नाहीत. परिपत्रक कोणी टाइप केलं हे त्यांना ठाऊक होतं की नाही, हेही मी विचारलं नाही.

म्हणून आजचा विषय माझ्यासाठी नुसत्या काटकसरीचा नाही. मुलीच्या बापाने भीतीपोटी एक देग वाढवली. आम्ही बिलाच्या भीतीने देगच उतरवली. पुरेसं किती, हे दोन्हीकडे कोणी मोजलेलं नव्हतं. सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे.

चाचांची वही, अमेरिकेतली

पुरेसं किती हे कळायचं कसं? आपल्यासारख्या दुसऱ्यांना किती लागलं, हे पाहून. या ताडून पाहण्यालाच इंग्रजीतून आलेला शब्द आहे बेंचमार्किंग.

अमेरिकेचं ऊर्जा खातं आणि तिथली पर्यावरण संरक्षण संस्था यांनी मिळून १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'लॅब्ज ट्वेंटीवन', म्हणजे एकविसाव्या शतकासाठी प्रयोगशाळा, असा उपक्रम सुरू केला. त्याचाच भाग म्हणून बर्कलीच्या अभ्यासकांनी प्रयोगशाळांच्या इमारतींची एक सामाईक वही तयार केली. ज्याने त्याने आपल्या इमारतीचे आकडे तिच्यात भरायचे आणि बदल्यात इतरांचे पाहायचे. इमारतीचं नाव मात्र इतरांना दिसत नाही. ही अट महत्त्वाची, कारण नाव छापलं जाणार म्हटल्यावर वाईट आकडे कोण देईल? नंतर हे काम 'इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर सस्टेनेबल लॅबोरेटरीज' या संस्थेकडे गेलं आणि वहीत शेकडो इमारती जमा झाल्या.

आता या वहीत काय असतं ते पाहू. पहिला आकडा सोपा: वर्षाला चौरस फुटामागे किती ऊर्जा. पण हा आकडा तापासारखा आहे. थर्मामीटर ताप सांगतो, रोग सांगत नाही. शिवाय तुलना कोणाशी करायची, हाही प्रश्न असतोच. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि भौतिकशास्त्राची सारखी नाही. कडाक्याच्या थंडीतलं शहर आणि उष्ण शहर सारखं नाही. एका इमारतीत निम्मी जागा प्रयोगशाळांची आणि निम्मी ऑफिसांची असते, दुसरीत पाऊण जागा प्रयोगशाळांचीच. चाचा दुपारचं की रात्रीचं, शहर की खेडं विचारायचे, ते याचसाठी. म्हणून वहीतून आधी हवामान, प्रयोगशाळेचा प्रकार आणि तिने व्यापलेल्या जागेचं प्रमाण पाहून आपल्या जातकुळीच्या इमारती वेगळ्या काढायच्या, आणि मग तुलना करायची.

खरा उपयोग त्यापुढच्या बारीक आकड्यांचा. चौरस फुटाला हवा किती? ती हवा हलवायला पंख्यांना वीज किती? यंत्रांचा सर्वांत जास्त भार चौरस फुटाला किती वॉट? वैद्य जसा तापानंतर नाडी, जीभ, डोळे पाहतो, तसं हे आहे. दुखणं कुठे आहे ते इथे कळतं.

आराखड्यावरच्या तीन भीती

नव्या इमारतीचा आराखडा करताना हे आकडे कसे कामाला येतात, ते तीन उदाहरणांनी सांगतो.

पहिलं उदाहरण यंत्रांच्या भाराचं. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर एक पट्टी असते आणि तिच्यावर वॉटचा आकडा असतो. तो आकडा म्हणजे यंत्र जास्तीत जास्त किती वीज ओढू शकेल याची मर्यादा, रोजचा खर्च नव्हे. पण आखणी करणारा सगळ्या पट्ट्यांची बेरीज करतो. सगळी यंत्रं एकाच वेळी पूर्ण जोमाने चालतील असं धरतो, आणि वर थोडं भविष्यासाठी ठेवतो. अशाने चौरस फुटाला दहा-बारा वॉटचा आकडा सहज निघतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संकुलात चालू प्रयोगशाळांना मीटर लावून मोजणी झाली. तेव्हा अगदी गर्दीच्या वेळचा भारसुद्धा गृहीत धरलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी निघाला.

जास्त धरलं तर बिघडलं कुठे, असं वाटेल. बिघडतं असं की, त्या आकड्यावरून थंड करणारी यंत्रं, पंखे, नळ, विजेच्या तारा, सगळंच मोठं घेतलं जातं. बांधतानाच पैसे जास्त जातात. पुढे मोठं यंत्र कायम अर्धवट चालतं आणि वीज वाया घालवतं. त्यात आणखी एक विचित्र प्रकार घडतो. एखाद्या खोलीत यंत्रं जास्त असतात. तिच्यासाठी सगळ्या मजल्याची हवा, समजा, १३ अंशांपर्यंत थंड करतात. बाकीच्या खोल्यांतली माणसं काकडू लागतात, म्हणून त्या खोल्यांच्या तोंडाशी तीच हवा पुन्हा गरम करतात. आधी थंड करायला खर्च, मग गरम करायला खर्च. मोजलेले आकडे हाताशी असले, तर जास्त उष्णतेच्या खोल्यांची व्यवस्था वेगळी करता येते आणि हा दुहेरी खर्च पुष्कळसा वाचतो.

दुसरं उदाहरण हवेच्या फेऱ्यांचं. खोलीतली सगळी हवा ताशी किती वेळा बदलायची? रूढी सांगते सहा ते बारा वेळा. यातल्या पुष्कळ ठिकाणी शास्त्रापेक्षा सवय अधिक. आणि हवा जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त, असं सरळ गणित नाही. चुकीच्या जागी सोडलेला हवेचा जोराचा झोत फ्यूम कपाटाच्या तोंडाशी भोवरे निर्माण करतो आणि आतली वाफ बाहेर आणतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच अर्व्हाइन संकुलाने २००८ मध्ये 'स्मार्ट लॅब्ज' नावाचं काम हाती घेतलं. तिथे हवेतले दूषित घटक ओळखणारे संवेदक बसवले. हवा स्वच्छ असेल तर माणसं असताना ताशी चार फेऱ्या, नसताना दोन. दूषित झाली की यंत्रणा आपोआप जोर वाढवते. प्रत्येक प्रयोगशाळेत कोणती रसायनं वापरतात ते सुरक्षा अधिकाऱ्यांनी आधी तपासलं. जिथे धोका अधिक, तिथे फेऱ्या कमी केल्या नाहीत. पंखे, दिवे, धुराडी अशा सगळ्या सुधारणा धरून त्या इमारतींचा ऊर्जावापर सरासरी सुमारे ६० टक्क्यांनी उतरला. आमच्या परिपत्रकात आणि या कामात काय फरक आहे ते पाहा. आम्ही घड्याळ पाहून पंखा बंद केला होता. त्यांनी हवा पाहून तो हळू केला.

तिसरं उदाहरण हवेच्या वाटेचं. नळ अरुंद, वळणं तीव्र, गाळण्या दाट असल्या की पंख्याला जोर जास्त लावावा लागतो. याचं माप म्हणजे मिनिटाला एक घनफूट हवा आत आणून बाहेर सोडायला किती वॉट लागतात. 'लॅब्ज ट्वेंटीवन'च्या मार्गदर्शिकेत साधारण रचनेसाठी हे माप १.८ वॉट, चांगल्यासाठी १.२ आणि उत्तम रचनेसाठी ०.६ धरलं आहे. काम तेच, हवा तीच, वीज एक तृतीयांश. हे साधतं रुंद नळांनी आणि सरळ वाटांनी. पण रुंद नळांना छताखाली जागा लागते, आणि ती पहिल्या आराखड्यात राखून ठेवावी लागते. भिंती उभ्या राहिल्यावर कितीही शहाणपण सुचलं तरी नळ रुंद होत नाही.

पंख्याचा एक नियम इथेच सांगून ठेवतो. हवा निम्मी केली तर पंख्याची वीज निम्मी होत नाही, आदर्श स्थितीत ती एक अष्टमांश होते. हवा फक्त पाचव्या हिश्शाने कमी केली तरी वीज जवळजवळ अर्ध्यावर येते. पुरेसं किती हे नेमकं कळण्याची किंमत एवढी मोठी आहे, ती या नियमामुळे.

सर्वांत लहान आकडा

या वह्यांचा एक धोकाही आहे. सर्वांत कमी आकडा दिसला की टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण आकडा कमी का आहे, हे विचारलं पाहिजे. इमारत अर्धी रिकामी असेल. मीटर बिघडलेला असेल. किंवा आमच्या कॉलेजसारखे पंखे बंद करून ठेवलेले असतील. त्या वर्षी आमचा आकडा कोणी वहीत लिहिला असता, तर आम्ही पहिल्या नंबरात आलो असतो. म्हणून जाणकार आधी पाहतात की काम नीट आणि सुरक्षित होतं आहे का. नंतर पाहतात की ते किती ऊर्जेत होतं आहे. हा क्रम उलटवायचा नाही. वही प्रश्न विचारायला शिकवते. उत्तर मात्र इमारतीत जाऊन, छतावर चढून, पंख्याशेजारी उभं राहूनच शोधावं लागतं.

आपल्या देशातही ही वाट नवी नाही. २००७ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आणली आणि २००९ मध्ये ऑफिस इमारतींना तारे द्यायला सुरुवात केली. फ्रिजवर असतात तसेच तारे. त्यामागे माप तेच: वर्षाला चौरस मीटरमागे किती युनिट, आणि तेही हवामान पाहून. पुण्या-मुंबईत, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात औषधांच्या, रसायनांच्या, शेतीच्या प्रयोगशाळा पुष्कळ आहेत. त्यांच्या बांधकाम समित्यांवर प्राध्यापक असतात, लेखापाल असतात, कधीकधी माझ्यासारखा कोणी टिपणं काढायला बसलेला असतो. त्यांनी वास्तुविशारदाला तीन साधे प्रश्न विचारावेत. हा भार तुम्ही मोजून धरला की पट्ट्यांची बेरीज करून? आपल्यासारखी कोणती इमारत तुम्ही पाहिलीत आणि तिला प्रत्यक्षात किती लागलं? आणि हवा, यंत्रं, दिवे यांचे मीटर वेगवेगळे लावणार आहात ना? तिसरा प्रश्न विसरू नये. बांधतानाच लावला तर मीटर स्वस्त पडतो, आणि तो नसेल तर पुढच्या इमारतीसाठी वहीत लिहायला आपल्याकडे काहीच राहत नाही.

चाचा गेले तेव्हा त्यांच्या मुलाने ती वही मला दाखवायला आणली. उर्दूतला बारीक अक्षरांतला हिशेब, तेलाचे डाग पडलेले. एका पानावर चाचांनी खूण करून लिहिलं होतं, की या लग्नात भात कमी पडला, चूक माझी, पाहुणे लांबून चालत आले होते हे मी विचारलं नाही. ते पान फाडून टाकणं किती सोपं होतं. पण त्यापुढच्या प्रत्येक लग्नात चाचा एक प्रश्न जास्त विचारत आले. "वऱ्हाड येणार कसं? चालत की गाडीने?" लहानपणी आम्हाला त्याचं हसू यायचं.

वही आता मुलाकडे आहे. तोही लिहितो, उरलं तेही आणि कमी पडलं तेही.